लंडनच्या कोर्टात भारताचा वकील: प्रत्यार्पणाची बाजू कोण मांडतं, कशी मांडतं आणि कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विजय मल्ल्या, नीरव मोदी यांच्या प्रत्यार्पणाच्या सुनावण्या लंडनमध्ये झाल्या तेव्हा भारत सरकारची बाजू तिथल्याच सरकारी वकिलांनी मांडली. भारत स्वतःचा वकील का देत नाही? त्या वकिलांना सूचना कोण देतं, खर्च कोण करतं? आणि इतकी यंत्रणा हाताशी असूनही ही प्रकरणं वर्षानुवर्षं का रखडतात?

पहिल्याचं उत्तर: देऊ शकतो, पण सहसा देत नाही. ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यातल्या कलम १९० ने १९८५ च्या प्रॉसिक्यूशन ऑफ ऑफेन्सेस ॲक्टमध्ये दुरुस्ती केली. त्यामुळे इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्यार्पणाची प्रकरणं चालवणं हे डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्सचं, म्हणजे व्यवहारात क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस (सीपीएस) या सरकारी वकिलांच्या यंत्रणेचं, कायदेशीर कर्तव्य झालं. याच दुरुस्तीत एक वाट मोकळी ठेवलेली आहे. मागणी करणाऱ्या देशाच्या वतीने ‘आमचं प्रकरण तुम्ही चालवू नका’ अशी विनंती आली, तर हे बंधन उरत नाही आणि तो देश आपले सॉलिसिटर, म्हणजे प्रकरण तयार करणारे वकील, नेमू शकतो. स्कॉटलंडमध्ये हे काम लॉर्ड ॲडव्होकेट या तिथल्या मुख्य सरकारी विधी अधिकाऱ्याकडे असतं.

ही वाट फारसं कुणी धरत नाही, कारण त्यातून हाती फार काही लागत नाही. इंग्लंड-वेल्समधली सगळी प्रत्यार्पण प्रकरणं पहिल्या पायरीवर लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट्स कोर्टातच चालतात आणि त्यासाठी नेमलेले मोजके न्यायाधीशच ती ऐकतात. सीपीएसचे प्रत्यार्पण विभागातले वकील तिथे रोज उभे असतात. गृह खातं, नॅशनल क्राइम एजन्सी, कोर्टाचं कार्यालय यांच्याशी त्यांचा नित्याचा संबंध असतो. शिवाय सीपीएस बाहेरचे स्वतंत्र बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणारे वकील, नेमते. मल्ल्या प्रकरणात मार्क समर्स आणि नीरव मोदी प्रकरणात हेलन माल्कम भारतासाठी उभे राहिले, ते असेच. हेच समर्स पुढे अमेरिकेच्या मागणीविरुद्ध विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांच्या बाजूने लढले. तिथला वकीलवर्ग असा दोन्ही बाजूंनी काम करतो, आणि समोरचा काय मुद्दा काढणार हे त्याला आधीच कळतं. भारताने खासगी फर्म नेमली तरी ती बहुतेक याच वर्तुळातला बॅरिस्टर घेईल. फरक पडेल तो फक्त फीच्या आकड्यात.

खर्चाची सर्वसाधारण रीत परस्परतेची आहे. ज्या देशाकडे मागणी येते तो आपल्या भूमीवरच्या कोर्टकामाचा भार उचलतो. भाषांतर आणि आरोपीला घेऊन जाण्याचा प्रवासखर्च मागणाऱ्याकडे असतो. भारत-अमेरिका करारात, जो १९९७ मध्ये झाला आणि १९९९ मध्ये लागू झाला, हे स्पष्ट लिहिलेलं आहे: मागणी ज्याच्याकडे आली तो देश दुसऱ्याला सल्ला देईल, त्याच्या वतीने कोर्टात उभा राहील आणि त्याचं हित जपेल.

आता सूचना कोण देतं. कागदोपत्री साखळी अशी: तपास यंत्रणा, म्हणजे सीबीआय, ईडी किंवा राज्याचे पोलीस, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा कॉन्सुलर, पासपोर्ट आणि व्हिसा विभाग, तिथून लंडनमधलं उच्चायुक्तालय, मग ब्रिटनचं गृह खातं. गृह खातं २००३ च्या कायद्याच्या कलम ७० खाली प्रमाणपत्र देतं आणि मगच प्रकरण कोर्टात जातं. कोर्टात गेल्यावर मात्र सीपीएसच्या वकिलाला रोज उत्तरं लागतात. ‘या साक्षीदाराचा जबाब कुणी नोंदवला?’ ‘हे कर्ज मंजूर झालं त्या बैठकीचं मूळ इतिवृत्त कुठे आहे?’ त्यासाठी तपास अधिकारी थेट संपर्कात असावा लागतो आणि महत्त्वाच्या तारखांना लंडनमध्ये बसलेला असावा लागतो. अशिलाच्या, म्हणजे भारताच्या, बाजूने चार कचेऱ्या असतात: बँकेच्या घोटाळ्याची फाइल सीबीआयकडे, मनी लाँडरिंगची ईडीकडे, तुरुंगाची माहिती राज्याच्या गृह विभागाकडे आणि बोलण्याचा अधिकार परराष्ट्र मंत्रालयाकडे. वकिलाने सोमवारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या चौघांतून फिरून तीन आठवड्यांनी आलं, तर सुनावणी तेवढी पुढे जाते. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावं की पुराव्याबद्दल अंतिम शब्द कुणाचा, हमीपत्राबद्दल (आरोपीला भारतात कसं वागवलं जाईल याच्या लेखी आश्वासनाबद्दल) कुणाचा आणि अपिलाबद्दल कुणाचा. हे ठरलेलं नसेल तर उत्तम बॅरिस्टरही हातावर हात ठेवून बसतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. सीपीएस इथे नेहमीच्या अर्थाने फिर्यादी पक्ष नसते. खटला भरणं योग्य की अयोग्य हे ती ठरवत नाही. तो निर्णय भारतात झालेला असतो. त्यामुळे देशांतर्गत खटल्यात सरकारी पक्षावर सगळी सामग्री आरोपीला दाखवण्याची जी जबाबदारी असते, ती इथे तशीच लागू होत नाही. पण मागणी करणाऱ्या देशावर सचोटीचं कर्तव्य असतं. बहामाजमधून आलेल्या नोल्स प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (काही राष्ट्रकुल देशांसाठीच्या लंडनमधल्या अंतिम अपील न्यायालयाने) २००६ मध्ये ते नीट मांडलं: ज्या पुराव्यावर मागणी उभी आहे तो उद्ध्वस्त करणारी किंवा अत्यंत कमकुवत करणारी गोष्ट देशाला माहीत असेल, तर ती दडवता येत नाही. आणि आपला अशील काहीतरी चुकीचं मांडतोय हे कळल्यावर वकिलाला गप्प राहता येत नाही. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेच्या मागणीवरून लंडनमध्ये एका अल्जेरियन वैमानिकाला काही महिने तुरुंगात ठेवलं गेलं. २००८ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने त्या प्रकरणात पोलीस आणि सीपीएस दोघांच्याही गंभीर चुका नोंदवल्या. त्यानंतर सीपीएसचे वकील परक्या सरकारला टोकदार प्रश्न विचारतात. दिल्लीतल्या काही अधिकाऱ्यांना त्याचा राग येतो. ‘हे आमचे वकील की त्यांचे?’ असा सूर निघतो. माझ्या मते हेच प्रश्न भारताच्या सर्वाधिक हिताचे असतात. ते आपल्या वकिलाने बंद खोलीत विचारले नाहीत, तर आरोपीचा बॅरिस्टर भर कोर्टात विचारणारच असतो.

आता फाइल. प्रकरण बहुतेक इथेच जिंकलं किंवा हरलं जातं. भारत-ब्रिटन करार २२ सप्टेंबर १९९२ चा आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांना ब्रिटनमध्ये प्रथमदर्शनी पुरावा द्यावा लागत नाही. भारताला द्यावा लागतो. २००३ च्या ब्रिटिश कायद्यातल्या कलम ८४ ची कसोटी अशी, की हाच खटला इंग्लंडमध्ये चालला असता तर आरोपीने उत्तर द्यावं इतका पुरावा समोर आहे का. ऐकीव वाटणारी साक्षही चालते. पोलिसाला किंवा तपास अधिकाऱ्याला दिलेला जबाब कोर्ट ग्राह्य धरू शकतं, मात्र जबाब देणाऱ्याची तोंडी साक्ष त्या मुद्द्यावर ग्राह्य ठरली असती तर. मग तो कागद कुठून आला, अस्सल आहे का, साक्षीदार का येऊ शकत नाही, हे सगळं न्यायाधीश तोलून बघतात.

इथे आपल्या पद्धतीची पहिली अडचण समोर येते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८०) खालचा पोलिसांसमोरचा जबाब साक्षीदाराच्या सहीविना असतो. कलम १६२ (आता १८१) नुसार सही घ्यायचीच नसते. भारतीय वकिलाला यात काही वावगं दिसत नाही. इंग्लिश न्यायाधीशाला बिनसहीचा, तृतीयपुरुषी, टंकलिखित कागद संशयास्पद वाटतो. त्यात एकाच अधिकाऱ्याने दहा बँक कर्मचाऱ्यांचे जबाब नोंदवले आणि परिच्छेदच्या परिच्छेद शब्दशः सारखे निघाले, की बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. मल्ल्या प्रकरणात हा हल्ला जोरात झाला. यावर उपाय आधीच करता येतो. मागणीपत्राबरोबर तपास अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं. जबाब कसे नोंदवले जातात, सही का नसते, ते कोणत्या भाषेत सांगितले गेले आणि संगणकावर कुणी टाइप केले, हे त्यात सांगावं. ज्या चार-पाच साक्षीदारांवर सगळा डोलारा आहे त्यांचे जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर कलम १६४ खाली, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली, नोंदवून घ्यावेत. तेही जमत नसेल तर त्यांची सही असलेली स्वतंत्र प्रतिज्ञापत्रं द्यावीत.

दुसरी अडचण आकाराची. आपल्याकडे आरोपपत्र म्हणजे ट्रंकभर कागद. तो ढिगारा जसाच्या तसा लंडनला पाठवला की पुरावा त्यात बुडतो. वेस्टमिन्स्टरच्या न्यायाधीशाला हवं असतं ते वेगळंच: प्रत्येक आरोपासाठी कोणतं वर्तन, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदातून दिसतं. म्हणून चांगला वकील आधी तीन रकान्यांचा तक्ता मागतो. पहिल्या रकान्यात आरोपीचं कृत्य, दुसऱ्यात ते सिद्ध करणाऱ्या जबाबाचं किंवा कागदाचं पान, तिसऱ्यात इंग्लंडमधला समांतर गुन्हा. ब्रिटिश कायद्याच्या कलम १३७ ची दुहेरी गुन्ह्याची कसोटी (कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे ही) नावांची नसते, वर्तनाची असते. ‘४२० लावलंय’ असं म्हणून भागत नाही. आयडीबीआय बँकेने २००९ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सला दिलेल्या कर्जांच्या संदर्भात कोण काय खोटं बोललं आणि पैसा कुठे गेला, हे दाखवल्यावर त्यातून फसवणुकीचा कट, खोट्या निवेदनाने केलेली फसवणूक आणि मनी लाँडरिंग असे इंग्लिश गुन्हे उभे राहतात. तक्ता करताना एखादा आरोप रिकामाच राहिला, तर तो तिथेच सोडून द्यावा. तो ओढत नेला की बाकीच्यांची विश्वासार्हताही खाली येते.

लहान चुका मोठी हानी करतात. प्रथम माहिती अहवालात, पासपोर्टवर आणि वॉरंटवर नावाचं स्पेलिंग वेगळं असणं. जन्मतारीख न जुळणं. मराठी किंवा गुजराती पंचनाम्याचं भाषांतर जोडणं पण भाषांतरकाराचं प्रमाणपत्र विसरणं. कायद्याचं कलम गुन्ह्याच्या तारखेला जसं होतं तसं न देता आजचं देणं. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यापासून ही शेवटची चूक अधिक सोपी झाली आहे. ब्रिटिश कायद्याच्या कलम २०२ खाली परदेशी कागद पुरावा म्हणून मांडायचा तर त्याचं रीतसर प्रमाणन करून घ्यावं. पुरवणी म्हणून पाठवलेल्या प्रत्येक संचालाही ते हवं, फक्त पहिल्याला नाही.

अटकेनंतर पहिली लढाई जामिनाची. एप्रिल २०१७ मध्ये मल्ल्यांना साडेसहा लाख पौंडांवर जामीन मिळाला. मार्च २०१९ मध्ये पकडलेल्या नीरव मोदींना त्याहून कितीतरी मोठी रक्कम देऊ करूनही तो मिळाला नाही. फरक पडला तो कागदांमुळे. साक्षीदारांवर दबाव आणि पुराव्याची नासधूस यांचा तपशील भारताच्या बाजूने आधीच तयार होता, आणि पुढे त्याच मुद्द्यांवर दुसरी प्रत्यार्पण मागणीही आली. जामिनाला विरोध करायचा तर पळून जाण्याची भीती नुसती बोलून दाखवून उपयोग नाही. पासपोर्टांची यादी, दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वासाठी केलेली धडपड, फोन नष्ट केल्याचे जबाब, असं काहीतरी पहिल्याच दिवशी वकिलाच्या हातात असायला हवं.

मुख्य सुनावणीत बचाव पक्ष भारतीय कायद्याचे तज्ज्ञ आणतो. नीरव मोदींच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती अभय ठिपसे आणि सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी साक्ष दिली. काटजूंच्या साक्षीला जिल्हा न्यायाधीश सॅम्युअल गूझी यांनी फारसं वजन दिलं नाही. भारताच्या वकिलासाठी इथला धडा असा: भारतीय कायद्यानुसार गुन्हा बनतो की नाही यावर तज्ज्ञांची कुस्ती लावू नये. तो प्रश्न मुंबईच्या विशेष न्यायालयाचा आहे असं ठामपणे म्हणावं आणि पुन्हा पुराव्याकडे यावं. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून निघालेली कर्जाची हमी देणारी पत्रं (लेटर्स ऑफ अंडरटेकिंग), त्यांवर काम करणारी माणसं, नामधारी संचालकांचे जबाब, यांवरच निकाल उभा राहिला.

मानवी हक्कांचा टप्पा सर्वात खर्चिक आणि सर्वात कमी तयारीने लढला जाणारा आहे. ब्रिटिश कायद्याच्या कलम ८७ खाली युरोपीय मानवी हक्क करार, विशेषतः छळ आणि अमानवी वागणुकीला मनाई करणारा त्याचा अनुच्छेद ३, आणि कलम ९१ खाली आरोपीची शारीरिक-मानसिक प्रकृती तपासली जाते. क्रिकेट सट्टेबाजीच्या आरोपातल्या संजीव चावलांना ऑक्टोबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी तिहारच्या परिस्थितीमुळे सोडलं. भारताने अपील केलं, अधिक तपशीलवार हमी दिली, नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते भारतात आले. हीच हमी पहिल्या फेरीत दिली असती तर निदान वर्षभराचा वेळ वाचला असता.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची बराक क्रमांक १२ यातून जगाला माहीत झाली. मल्ल्या प्रकरणात फोटोंवर समाधान न होऊन न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी ३१ जुलै २०१८ रोजी बराकीचा व्हिडिओ मागवला. आत नैसर्गिक उजेड येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. नीरव मोदींसाठी महाराष्ट्राच्या तुरुंग प्रशासनाने प्रत्येक कैद्याला किमान तीन चौरस मीटर जागा, चटई, उशी, चादर, ब्लँकेट असा तपशील दिला. तीन चौरस मीटरचा आकडा हवेतला नाही. सामायिक कोठडीत माणशी त्याहून कमी जागा असेल तर अनुच्छेद ३ चा भंग झाल्याचं जोरदार गृहीतक उभं राहतं, असं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१६ च्या मुर्शिच निकालात सांगितलं आहे.

तुरुंग हा आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीचा विषय आहे. करार केंद्राचा, मागणी केंद्राची, पण कोठडी राज्याची. म्हणून नुसतं दिल्लीचं पत्र अपुरं पडतं आणि नुसतं राज्याचं पत्रही. राज्याच्या गृह विभागाने तपशील द्यावा आणि केंद्राने करारातला भागीदार म्हणून त्याला आपलं नाव जोडावं, अशी दोन पत्रं लागतात. स्ट्रासबर्गने २०१२ च्या ओथमान निकालात कसोट्या घालून दिल्या आहेत: हमी नेमकी आहे की मोघम, देणाऱ्याला ती पाळून घ्यायचा अधिकार आहे का, पाळली जाते हे तपासायची सोय आहे का, आधीच्या हमींचं काय झालं. ‘आरोपीला मानवी वागणूक दिली जाईल’ हे वाक्य कितीही मनापासून लिहिलं तरी कोर्टात त्याची किंमत शून्य. तुरुंग कोणता, बराक कोणती, क्षेत्रफळ मोजून किती, सोबत जास्तीत जास्त किती कैदी, स्वच्छतागृह कुठे, डॉक्टर किती वेळात, बाहेरचा डॉक्टर येऊ शकेल का, दुसऱ्या शहरातल्या खटल्यासाठी हलवलं तर कुठे ठेवणार, चौकशी कोणत्या अटींवर होणार, हे सगळं लिहावं लागतं. हलवण्याचा मुद्दा तर हमखास राहून जातो, कारण दिल्लीतल्या दुसऱ्या यंत्रणेची फाइल मुंबईतल्या यंत्रणेने पाहिलेली नसते.

हमी नीट नसेल तर काय होतं ते २८ फेब्रुवारी २०२५ ला दिसलं. लंडनच्या उच्च न्यायालयाने शस्त्रव्यवहारातले सल्लागार संजय भंडारी यांचं प्रत्यार्पणाविरुद्धचं अपील मान्य केलं. तिहारमध्ये इतर कैद्यांकडून किंवा कर्मचाऱ्यांकडून खंडणीसाठी धमक्या आणि मारहाण होण्याचा खरा धोका आहे, असं कोर्टाला वाटलं. जागेचं मोजमाप देऊन हा धोका टळत नाही. त्यासाठी कोण पहारा ठेवणार, तक्रार कुणाकडे जाणार, कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस जपणार, हे सांगावं लागतं आणि ते प्रत्यक्षात करावंही लागतं. आपल्या तुरुंगांची स्थिती सुधारणं हे न्यायाचं काम आहेच. शिवाय प्रत्येक पुढच्या मागणीचं भवितव्य त्यावर ठरणार आहे.

हमी उशिरा देता येते का? येते. असांज प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये हरल्यावर अमेरिकेने हमी दिली आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती स्वीकारली. पण उशिरा आलेल्या हमीकडे कोर्ट अधिक बारकाईने पाहतं, आणि दर वेळी ती घेतलीच जाईल असं धरून चालू नये.

निकालाच्या दिवसाबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण तिची तयारी क्वचितच केलेली असते. न्यायाधीशांनी आरोपीला सोडलं तर मागणी करणाऱ्या देशाला कलम १०५ खाली अपील करता येतं. मुदत १४ दिवसांची आणि उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक. परंतु आरोपीला अपिलापर्यंत कोठडीत किंवा जामिनाच्या अटींत ठेवायचं असेल, तर कलम १०७ नुसार ‘आम्ही अपील करणार’ हे न्यायाधीशांना तिथल्या तिथे सांगावं लागतं. वकील बाहेर येऊन दिल्लीला फोन लावेपर्यंत आरोपी मोकळा होतो. म्हणून निकालाच्या आदल्या दिवशी ‘विरोधात गेल्यास अपिलाचा मानस कळवावा’ अशी लेखी सूचना वकिलाच्या हातात हवी. निकाल अनुकूल लागला तरी गृहमंत्र्यांसमोरचा टप्पा उरतो. तिथे फाशीची शिक्षा, दुसऱ्या गुन्ह्यासाठी खटला न चालवण्याची अट अशा थोड्याच गोष्टी बघितल्या जातात आणि साधारण दोन महिन्यांची मुदत असते. तेही पार पडून माणूस येईलच असं नाही. मल्ल्यांना मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाण्याची परवानगी नाकारली गेली, तरी गोपनीय ठेवलेल्या एका कायदेशीर बाबीमुळे त्यांचं हस्तांतरण अडलं. तिथे वकिलाचा युक्तिवाद पोहोचत नाही.

सगळीकडे अपिलाचा निर्णय मागणाऱ्या देशाच्या हातात असतोच असं नाही. पुरुलियातल्या १९९५ च्या शस्त्रफेक प्रकरणात डेन्मार्कच्या उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये आरोपी किम डेव्हीला भारतात पाठवायला नकार दिला. तिथल्या अभियोग विभागाने सर्वोच्च न्यायालयात न जाण्याचं ठरवलं, आणि भारताच्या नाराजीला कायदेशीर वजन नव्हतं. कोणत्या देशात आपण पक्षकार आहोत आणि कोणत्या देशात केवळ पत्र लिहिणारे, हे मागणी पाठवण्याआधीच तिथल्या वकिलाकडून लेखी विचारून घ्यावं.

अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. न्याय खात्याचं ऑफिस ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स फाइल तपासतं, स्थानिक यूएस ॲटर्नीचं कार्यालय तक्रार दाखल करतं आणि मॅजिस्ट्रेट जज सुनावणी घेतात. थेट अपील कुणालाच नाही. आरोपीला फक्त हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद बेकायदा आहे असं सांगणाऱ्या अर्जाचा, मार्ग असतो. तहव्वूर राणा २०११ मध्ये शिकागोत मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सुटले होते. त्यामुळे करारातल्या ‘त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा नाही’ या अटीवर सगळं ठरलं. गुन्हा म्हणजे तेच वर्तन की कायद्यातले तेच घटक? सरकारी वकिलांनी घटकांची बाजू धरली, कारण भारताच्या आरोपांत बनावट कागदपत्रांसारखे शिकागोत न चाललेले गुन्हे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (संघीय अपील न्यायालयाने) ते मान्य केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये राणा दिल्लीत आले. यात भारतीय बाजूचं खरं कौशल्य मागणीपत्राच्या मसुद्यात होतं. आरोप वेगळे लिहिले होते म्हणून वेगळे ठरले.

हेतूची शंका आली तर मात्र मसुदाही वाचवत नाही. गुलशन कुमार यांच्या १९९७ मधल्या खुनात संगीतकार नदीम सैफी यांची मागणी भारताने केली. डिसेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ती फेटाळली. एका सहआरोपीच्या डळमळीत जबाबावर उभी असलेली मागणी न्यायाच्या हितासाठी सद्भावनेने केलेली नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. भारताला खर्चही भरावा लागला. पुढच्या अनेक वर्षांच्या मागण्यांवर त्या निकालाची सावली राहिली.

उलट दिशेने, परदेशाने भारताकडे माणूस मागितला तर १९६२ चा प्रत्यार्पण कायदा लागतो. मागणी दिल्लीतल्या दूतावासामार्फत येते, केंद्र सरकार कलम ५ खाली दंडाधिकाऱ्यांना चौकशीचा आदेश देतं आणि दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयात केंद्र सरकारतर्फे नेमलेले विशेष सरकारी वकील बाजू मांडतात. परदेशी सरकारचा वकील फार तर त्यांच्या शेजारी बसून मदत करतो. कलम ७ खाली प्रथमदर्शनी प्रकरण पाहिलं जातं. कलम १० खाली प्रमाणित परदेशी कागद पुरावा म्हणून चालतात. ही चौकशी आहे, खटला नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सरबजित रिक सिंग निकालात सांगितलं, तरी साक्षीदार उलटतपासणीला बोलावण्याचे अर्ज येत राहतात. तातडीच्या अटकेनंतर ६० दिवसांत रीतसर मागणी आली नाही तर कलम ३४-ब नुसार आरोपी सुटतो. परदेशी वकिलांना एकच सल्ला: इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. २००९ च्या एका निकालात, ज्यात महाराष्ट्र शासन पक्षकार होतं, सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

माणूस भारतात आल्यावर लंडन किंवा लिस्बनमधल्या वकिलाने दिलेला शब्द जिवंत राहतो. अबू सालेमच्या वेळी डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाच्या उपपंतप्रधानांनी पोर्तुगालला लिहून दिलं होतं की फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक कैद नाही. मुंबईच्या टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ रोजी सांगितलं, की न्यायालय शिक्षा देऊ शकतं, पण केंद्र सरकार आपल्या शब्दाला बांधील आहे; १२ ऑक्टोबर २००५ पासून २५ वर्षं मोजून सुटकेची कार्यवाही करावी लागेल. म्हणून प्रत्येक हमीपत्राची प्रत तुरुंग अधीक्षक, विशेष न्यायालय आणि विशेष सरकारी वकील या तिघांच्याही फायलीत असायला हवी, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या अधिकाऱ्याने तिच्यावर पोच लिहून द्यावी. पुरवणी आरोपपत्र दाखल करण्याआधी प्रत्यार्पणाचा मूळ आदेश उघडून आपल्या कायद्याचं कलम २१ तपासावं. आदेशात नसलेला गुन्हा जोडायचा असेल, तर आधी त्या देशाची संमती मागावी आणि ती लेखी हाती आल्यावरच आरोपनिश्चितीचा अर्ज करावा.